आजपासून हे तुझे आसन नाही

रणभूमीवर एक लहान मुलगा आपल्या वडिलांना शोधत येतो. त्याचे नाव दुर्जय. गदायुद्ध संपलेले आहे, दोन्ही मांड्या मोडलेला दुर्योधन धुळीत पडलेला आहे, आणि चालून चालून दमलेला हा मुलगा रोजच्या सवयीने त्याच्या मांडीवर बसायला जातो. दुर्योधन त्याला थांबवतो. बाळ, ओळखीची ही जागा सोडून दुसरीकडे कुठेही बस, तू आजवर उपभोगलेले हे आसन आजपासून तुझे राहिले नाही, अशा अर्थाचे काही शब्द तो उच्चारतो. जो मुलगा डोळ्यांना चंद्रासारखा वाटायचा, त्याचा स्पर्श आता अग्नीसारखा होईल, हे त्याला कळून चुकलेले असते. मुलाला मात्र यातले काहीच कळत नाही.

भासाच्या ‘ऊरुभंग’ या एकांकी संस्कृत नाटकातला हा प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आणि आमच्या प्राध्यापकांनी वर्गात तो वाचून दाखवताना मध्येच पुस्तक मिटून घेतले होते. त्या वयात मला दुर्योधनाची फक्त दया आली. ती दया खरी होती, पण तिच्यात माझी एक गोष्ट पाहायची राहून गेली होती. मुलाला नाकारलेली ही मांडी कोणती? द्यूतसभेत द्रौपदीसमोर वस्त्र बाजूला सारून जी उघडी केली होती, तीच ही मांडी. महाभारतात भीम तिथेच, त्याच क्षणी, ती गदेने मोडण्याची प्रतिज्ञा करतो. भास या प्रसंगात सभेतल्या त्या कृत्याचा उच्चारही करत नाही, कारण त्याच्या प्रेक्षकाला ते सांगण्याची गरज नव्हती. एका स्त्रीचा अपमान करण्यासाठी जी मांडी दाखवली गेली, ती एका मुलाची बसण्याची जागाही होती, हे दोन्ही एकाच शरीरात राहत होते, आणि शिक्षा आली तेव्हा ती दोन्हींवर मिळून आली. अपराध न केलेल्या दुर्जयाला आपल्या वाट्याची शिक्षा न कळताच भोगावी लागली.

भासाच्या नावावर असलेली तेरा नाटके विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टी. गणपतिशास्त्री यांनी केरळातल्या हस्तलिखितांतून शोधून त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केली. ती सगळी भासाचीच आहेत का, यावर विद्वानांचे एकमत नाही. त्या वादात मी शिरत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच, की रंगभूमीवर मृत्यू दाखवू नये असा संकेत मानणाऱ्या परंपरेत या नाटककाराने आपल्या नायकाला सर्वांसमोर मरू दिले, आणि तो नायक म्हणून दुर्योधनाला निवडले.

हा नायक निर्दोष आहे, असे नाटक कुठेही म्हणत नाही. त्याच वेळी त्याला मिळालेली शिक्षा न्याय्य होती, असेही म्हणत नाही. सुरुवातीला तीन सैनिक येऊन समंतपंचकातल्या, म्हणजे कुरुक्षेत्रातल्या, रणभूमीचे आणि गदायुद्धाचे वर्णन करतात. त्यांच्या सांगण्यातून आपल्याला कळते की एका घावाने भीम कोसळला होता, आणि त्या क्षणी दुर्योधन हातातली गदा थांबवून त्याला म्हणाला होता की भीमा, भिऊ नकोस, संकटात सापडलेल्याला वीर रणात मारत नसतो. बोलण्यात उपहास होता, पण नियम पाळला गेला होता. मग कृष्णाने स्वतःच्या मांडीवर थाप मारून भीमाला खूण केली, भीम सावरून उठला, आणि युद्धाचा धर्म सोडून त्याने गदा दुर्योधनाच्या मांड्यांवर घातली. म्हणजे आयुष्यभर नियम वाकवत आलेला माणूस त्या शेवटच्या घटकेत नियमाने वागला आणि नियम मोडूनच मारला गेला.

या गुंत्यापाशी मी वारंवार परत येते. अपराध खरा आणि शिक्षाही अन्यायाची, असे दोन्ही एकाच वेळी असू शकते, हे आपल्याला सहजासहजी पेलत नाही. आपण एकाची निवड करतो. दुर्योधन दुष्ट होता, म्हणून मांडीवरचा घाव योग्यच होता, असे म्हणणारे असतात. घाव अधर्माचा होता, म्हणून दुर्योधनावर अन्याय झाला, असे म्हणून त्याचे मागचे सारे पुसून टाकणारेही असतात. स्वतः दुर्योधनाला या दोहोंपैकी दुसरी वाट किती सोयीची होती, हे पाहण्यासारखे आहे. महाभारताच्या शल्यपर्वात तो तीच वाट घेतो. मोडलेल्या मांड्यांनिशी अर्धवट उठून तो कृष्णाला जाब विचारतो. शिखंडीला पुढे करून भीष्मांना कुणी पाडले, खोटे बोलवून द्रोणांना शस्त्र कुणी खाली ठेवायला लावले, रथाचे चाक रुतलेले असताना कर्णाला मारायला कुणी सांगितले? ही यादी खरी आहे, तिच्यातला एकही आरोप खोटा नाही. कृष्ण त्याला त्याची पापे मोजून दाखवतो, पण ती ऐकायला दुर्योधन आता मोकळा नसतो, कारण त्याच्या हातात दुसऱ्याच्या पापांची मोठी यादी आहे. माझ्यापेक्षा चांगला शेवट कुणाच्या वाट्याला आला, असे तो अभिमानाने विचारतो, त्याच्यावर आकाशातून फुले पडतात, आणि पांडव शरमेने खाली पाहतात. महाभारतातला हा दुर्योधन भव्य आहे. मात्र त्याच्या मनात द्रौपदीला शेवटपर्यंत जागा मिळत नाही.

अन्यायाने मिळालेल्या शिक्षेत माणसाला लपायला किती चांगली जागा मिळते, हे मी स्वतःच्या अनुभवातून लिहिते आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका विवरणपत्रात माझ्या हातून एक आकडा चुकीच्या रकान्यातून उतरवला गेला. ते विवरणपत्र टंकलिखित करणारी मुलगी माझ्याहून कनिष्ठ होती, आणि खाली सही तिची होती. चूक वरपर्यंत गेली, तेव्हा साहेबांनी तिला सर्वांसमोर उभे करून बोलणी सुनावली आणि तिच्या गोपनीय अहवालात तसा शेरा लिहिला. कच्चा कागद माझ्या खणात होता. तो काढून दाखवायला एक मिनिट पुरले असते. मी तो काढला नाही, आणि त्या दिवशी संध्याकाळी तो फाडून टाकला. पुढे तीन वर्षांनी माझ्याविरुद्ध एक निनावी पत्र आले. त्यातला मजकूर धादांत खोटा होता. चौकशी झाली, त्यात काही निघाले नाही, पण तेवढ्यात त्या वर्षीची पदोन्नती हुकली ती हुकलीच. त्यानंतर कित्येक वर्षे मी त्या पत्राविषयी बोलत राहिले. कुणी लिहिले असेल, अक्षर कुणाचे असेल, मला कसे कुणी विचारलेही नाही, हे सारे मी इतक्यांदा सांगितले की माझ्या जवळच्या माणसांना ते पाठ झाले. त्या सगळ्या काळात फाडलेल्या कागदाची मला एकदाही आठवण झाली नाही, असे मी म्हटले तर ते खोटे होईल. आठवण होत होती. पण प्रत्येक वेळी निनावी पत्र पुढे येऊन उभे राहत असे, आणि त्याच्या आड तो कागद दिसेनासा होत असे. माझ्यावर झालेला अन्याय खरा होता, म्हणूनच तो आड घ्यायला उपयोगी पडत होता. खोट्या तक्रारीमागे माणूस फार काळ लपू शकत नाही. खऱ्या तक्रारीमागे मात्र आयुष्य काढता येते.

‘ऊरुभंग’ वयाच्या पन्नाशीनंतर मी पुन्हा वाचायला घेतले, तेव्हा मला त्यात सर्वांत आधी दिसले ते हे, की भास आपल्या दुर्योधनाला लपायच्या जागा एकामागून एक देऊ करतो. पहिली जागा बलराम घेऊन येतो. गदायुद्धाचा हा गुरू आपल्या शिष्याला कपटाने पाडलेले पाहून संतापाने नांगर उचलून पांडवांवर धावतो आहे. दुर्योधनाला फक्त गप्प राहायचे होते. पण तो सरपटत पुढे येतो आणि त्याला अडवतो. कुरुकुलातल्या मृतांना पाणी देणारे ते तरी जिवंत राहू देत, असे तो म्हणतो, आणि पुढे म्हणतो, ‘वैरं च विग्रहकथाश्च वयं च नष्टाः’. वैर गेले, युद्धाच्या गोष्टी गेल्या आणि आम्हीही गेलो. या तीन गोष्टी ज्या क्रमाने येतात, तो क्रम मला विलक्षण वाटतो. आधी वैर जाते, त्याचे सारे बोलणे जाते, आणि स्वतःचा नाश तो सर्वांत शेवटी, जणू उरलेल्या कामासारखा सांगतो. बलराम तरीही फसवणुकीचा विषय सोडत नाही. त्यावर दुर्योधनाचे उत्तर असे की लाक्षागृहाच्या आगीतून जो निसटला, त्या भीमाने मला कपटाने जिंकले असे तुम्ही मानत असाल, तर मी हरलेलोच नाही. लाक्षागृहाचे नाव इथे त्याच्याच तोंडून येते. ती आग त्याच्याच कारस्थानाची होती. तो अजून कबुली देत नाही, पण ज्या शब्दाला आजवर बगल दिली असती तो शब्द तो सहज उच्चारतो, आणि ऐकणाऱ्याला जाणवते की आत काहीतरी हलू लागले आहे.

नंतर आईवडील येतात. धृतराष्ट्र आणि गांधारी यांच्याबरोबर मालवी आणि पौरवी या दोन राण्या आहेत आणि दुर्जय आहे. धृतराष्ट्राच्या अपराधाविषयी नाटक फारसे बोलत नाही, आणि इथे मला भासाशी थोडे भांडावेसे वाटते. ज्या पित्याच्या संमतीच्या आधारावर द्यूत खेळले गेले, त्याला नाटकात फक्त शोक मिळतो आणि शेवटी तपोवनाची वाट. पुत्रांच्या नाशाने निष्फळ झालेल्या राज्याचा धिक्कार असो, असे म्हणून तो निघून जातो, आणि स्वतःचा वाटा त्याच्या तोंडून कधीच ऐकू येत नाही. गांधारीला मात्र दुर्योधन नमस्कार करून सांगतो की माझ्या हातून काही पुण्य झाले असेल, तर पुढच्या जन्मीही तूच माझी आई हो. त्यातला ‘असेल तर’ मला महत्त्वाचा वाटतो. आजवर त्याने कधी स्वतःविषयी ‘जर’ वापरला नसावा.

दुर्जयाचा प्रसंग याच भागात येतो, आणि तो गोड नाही. तुम्ही कुठे चाललात, असे मुलगा विचारतो. शंभर भावांच्या मागून चाललो, असे उत्तर मिळते. मलाही तिकडे न्या, असे तो हट्टाने म्हणतो, तेव्हा दुर्योधन म्हणतो, जा बाळ, हे भीमाला जाऊन सांग. भासाने हे वाक्य ठेवले, गाळले नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे. ज्याने नुकतेच वैर संपल्याचे सांगितले, त्याच्याच तोंडातून इतके कडू वाक्य निघते, आणि म्हणूनच त्याचे बदलणे मला खरे वाटते. जो माणूस एका श्वासात पूर्ण शुद्ध होतो, त्याच्यावर माझा विश्वास बसला नसता. त्यानंतर थोड्याच वेळाने तो मुलाला सांगतो की पांडवांची सेवा माझ्यासारखीच कर, कुंतीची आज्ञा पाळ, अभिमन्यूच्या आईला आणि द्रौपदीला आपल्या आईसारखे मान. माझ्या नावाने पाणी सोडताना युधिष्ठिराच्या उजव्या हाताला हात लावून पांडवांबरोबर सोड. द्रौपदीचे नाव तो घेतो आणि आपल्या मुलाला तिच्या स्वाधीन करतो. मांडीवरचे आसन काढून घेतलेल्या त्या मुलाला आता तिच्याजवळ बसायचे आहे.

आणि मग अश्वत्थामा येतो. लपायची ही सर्वांत मोठी जागा. गुरुपुत्र संतापाने पेटलेला आहे, सूड घ्यायला निघालेला आहे, आणि सूडासाठी त्याला दुर्योधनाच्या रागाचा आधार हवा आहे. दुर्योधन त्याला सांगतो की राजे धरणीच्या मांडीवर झोपले, कर्ण स्वर्गाला गेला, भीष्मांचे शरीर पडले, माझे शंभर भाऊ मेले, मी असा पडलो आहे, आता धनुष्य खाली ठेव. अश्वत्थामा यावर जे म्हणतो ते फार क्रूर आहे. भीमाने केस धरून गदा घातली, तेव्हा दोन मांड्यांबरोबर तुझा अभिमानही हिरावून घेतला, असे तो म्हणतो. मरणाऱ्या राजाला याहून मोठा डिवचणारा शब्द नसेल. दुर्योधन तात्काळ उत्तर देतो की असे म्हणू नकोस, ‘मानशरीरा राजानः’, राजांचे शरीरच अभिमानाचे असते, अभिमानासाठीच मी युद्ध पत्करले. आणि लगेच त्याच दमात म्हणतो, पाहा गुरुपुत्रा. द्यूतात द्रौपदीचे केस धरून तिला ओढले, मुलासारखा बाल अभिमन्यू रणात मारला, फाशांच्या कपटाने जिंकून पांडवांना वनातल्या श्वापदांच्या सोबतीला धाडले, याचा विचार कर. ‘नन्वल्पं मयि तैः कृतम्’. त्यांनी माझे केले ते थोडेच की.

पहिल्या वाचनात मला ही ओळ पश्चात्तापाची वाटली होती. आता मला ती इतकी सरळ वाटत नाही. तुझा अभिमान गेला, या आरोपाला उत्तर म्हणून तो आपले अपराध मोजतो, ही यातली मेख आहे. अभिमान शाबूत असल्याचा पुरावा म्हणून तो कबुली देतो. जो खचला आहे, ज्याचा स्वतःवरचा विश्वास उडाला आहे, तो अशी यादी मोजू शकत नाही. त्याला लोकांनी केलेला अन्यायच जवळ धरून ठेवावा लागतो, कारण तेवढाच त्याला उभे राहायला आधार उरलेला असतो. दुर्योधन तो आधार सोडून देतो. भीमाचा घाव अधर्माचा होता, हे तो कुठेही नाकारत नाही. ‘थोडे’ या शब्दात घाव आहेच, फक्त त्याच्यासमोर दुसऱ्या पारड्यात काय आहे ते तो स्वतःच्या हाताने ठेवतो. आणि ते ठेवताना तो सभेतला, चक्रव्यूहातला आणि वनवासातला, तिन्ही ठिकाणचा अन्याय स्पष्ट नाव घेऊन सांगतो. ‘माझ्या हातून काही चुका झाल्या’ असे तो म्हणत नाही. केस कुणाचे ओढले ते तो सांगतो.

अश्वत्थामा मात्र ऐकत नाही. तो शपथ घेतो, दुर्जयाला अभिषेकाशिवाय केवळ शब्दाने राजा करतो, आणि नाटक संपते तेव्हा रात्री झोपलेल्यांना मारण्यासाठी बाण हातात घेऊन निघालेला असतो. दुर्जयाला राजा झालेला ऐकून दुर्योधनाला समाधान वाटते, हेही भास लपवत नाही. पुढे अश्वत्थाम्याचे काय झाले ते आपल्याला महाभारत सांगते. कपाळावरचा मणी काढून घेतला गेला आणि तीन हजार वर्षे एकट्याने भटकण्याचा शाप मिळाला. कपाळावरच्या भळभळत्या जखमेला तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आपल्या बोलण्यात इतका रुजला आहे की कधीही न भरणाऱ्या दुःखाला आपण त्याचेच नाव देतो. मला या दोघांच्या जखमांतला फरक या नाटकाने दाखवला. दोघांच्याही वाट्याला अन्याय आला होता. द्रोणांचा वध खोट्या शब्दाने झाला, अश्वत्थाम्याचा राग निराधार नव्हता. त्या रागाला त्याने शेवटपर्यंत वेगळे काही होऊ दिले नाही, आणि द्रौपदीच्या झोपलेल्या पाच मुलांना मारून आणि उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडून त्याने स्वतःसाठी अशी शिक्षा ओढवून घेतली जिला मरणाचा शेवटही नाही.

दुर्योधनाला मात्र मरण मिळते. डोळे मिटताना त्याला शंतनू आणि इतर पूर्वज दिसतात, कर्णाला पुढे करून आलेले शंभर भाऊ दिसतात, अप्सरा, समुद्र, गंगा आणि हजार हंसांचे विमान दिसते. वीराच्या स्वर्गारोहणाचे हे रूढ चित्र आहे. पण त्याच्या मधोमध भासाने एक आकृती उभी केली आहे. ऐरावताच्या मस्तकाला बिलगून, इंद्राचा हात धरून, लहान मुलासारखे काकपक्ष, म्हणजे कानांवरच्या बटा, राखलेला अभिमन्यू तिथे आहे, आणि तो रागावून दुर्योधनाशी बोलतो आहे. कबुली देऊन झालेली आहे, शरीर सुटते आहे, आणि तरीही ज्या मुलाला मारले तो मुलगा रागावलेलाच आहे. भासाने त्याला हसरा केला नाही, स्वागताला पाठवला नाही. तो काय म्हणाला तेही लिहिले नाही. दुर्योधन त्याला दुरूनच पाहतो, आणि पाहत असतानाच जातो.

गेल्या वर्षी मी त्या मुलीचा दूरध्वनी क्रमांक मिळवला. ती आता मुलगी राहिलेली नाही, निवृत्तीला आली आहे. मी तिला सगळे सांगितले, रकाना, खण, फाडलेला कागद. निनावी पत्राचा विषय माझ्या ओठांवर आला होता, तो मी गिळला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘मॅडम, त्या दिवशी साहेब बोलत असताना तुम्ही खणाला हात लावला होता. मी पाहिलं होतं. मला वाटलं, आता तुम्ही काढाल.’’ एवढे बोलून ती थांबली, आणि मीही काही बोलले नाही.